नाना शंकरशेट आणि त्यांचे भाट

डहाणू रोडला पहांटेच्या गाडींत चढणाऱ्या आम्हां मंडळींस मुंबई सेंट्रल हें नांव नवें नाहीं. सरावलीसारख्या गांवाहून कोर्टाच्या, इस्पितळाच्या किंवा पोटाच्या कामासाठीं मुंबईस निघालेला मनुष्य याच लोहमार्गानें जातो. या स्थानकास नाना जगन्नाथ शंकरशेट यांचें नांव द्यावें असा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला, आणि त्या निमित्तानें नानांच्या स्तुतीचा एक मोठा पूर येऊन गेला. तो पूर आम्हीं कांठावर बसून मोठ्या आशेनें पाहिला. ज्या पुरुषास वारून दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, त्याच्याविषयीं या वेळीं तरी कांहीं नवें, निदान कांहीं नेमकें, ऐकावयास मिळेल अशी ती आशा होती. पण हातीं काय लागलें? 'आद्य शिल्पकार', 'रेल्वेचे जनक', 'दानशूर', 'द्रष्टे'. हीं विशेषणें वाहून गेल्यावर खालीं गाळसुद्धां उरला नाहीं.

ज्या रेल्वेशीं नानांचें नांव जोडलें जातें ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी त्याच कंपनीची. मुंबई सेंट्रल हें स्थानक मुंबई, बडोदें आणि सेंट्रल इंडिया या दुसऱ्याच कंपनीनें १९३० सालीं उघडलें. नांव देणारांनीं हा भेद लक्षांत घेतला होता कीं नाहीं, यावर रुसून बसण्याचें आम्हांस कारण नाहीं. याहून क्षुल्लक नात्यांवरून स्थानकांचीं आणि रस्त्यांचीं बारशीं झालीं आहेत. आमची तक्रार नांवाबद्दल नाहीं. नांवाच्या आड जो मनुष्य नाहींसा केला जात आहे त्याबद्दल आहे.

आमच्याकडे श्रीमंत मनुष्याचें चरित्र लिहिण्याची एक ठराविक पद्धति पडून गेली आहे. प्रथम कुल सांगावयाचें, मग बालपणींची हुषारी, मग देणग्यांची यादी, मग सरकारदरबारचे मान, शेवटीं प्रेतयात्रेस जमलेला समाज आणि नगरभवनांतील पुतळा. या चरित्रांत नायकास शत्रु नसतो, तिजोरी नसते आणि पराभव नसतो. पैसा कोठून आला हें विचारणें असभ्यपणाचें ठरतें, आणि तो कोणत्या धर्मशाळेस गेला हें मात्र आणे-पैसहित सांगितलें जातें. नानांच्या बाबतींत तर ही यादी इतकी लांब आहे कीं ती वाचतां वाचतांच वाचक थकतो आणि चरित्र संपलें असें समजतो. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, १८४९ सालीं स्वतःच्या वाड्यांत जागा देऊन चालविलेली मुलींची शाळा, ग्रँट रोडवरील नाटकगृहासाठीं दिलेली जमीन, सतीच्या चालीविरुद्धच्या कायद्यास पाठिंबा, १८५२ च्या बाँबे असोसिएशनचें अध्यक्षपद, १८६२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत नेमणूक: यांतील प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक मोठी आहे. पण मण्यांची रास म्हणजे माळ नव्हे. या सर्व गोष्टी करणारा मनुष्य कोणत्या क्षणीं कोणाच्या विरुद्ध उभा राहिला, त्यास काय गमवावें लागलें, आणि तो कोठें चुकला, हें त्या यादींत सांपडावयाचें नाहीं.

तुलनेसाठीं आम्ही एक परकी उदाहरण घेतों. नाना १८०३ सालीं जन्मले; त्यांच्या पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ओक्स एम्स नांवाचा गृहस्थ जन्मला. घराणें फावडीं तयार करणारांचें. फावड्यांच्या धंद्यावर संपत्ति मिळवून हा गृहस्थ १८६२ सालीं अमेरिकन काँग्रेसमध्यें निवडून आला, आणि १८६९ मध्यें पुरा झालेला जो खंडांतर लोहमार्ग, त्याच्या पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीचा तो मोठा आधारस्तंभ होता. येथपर्यंत सारें आमच्या चरित्रलेखकांच्या सांच्यांत बसण्याजोगें आहे. पण पुढें १८७२ सालीं वर्तमानपत्रांतून असें बाहेर पडलें कीं, त्या लोहमार्गाच्या बांधकामाचा मक्ता क्रेडिट मोबिलियर या संस्थेकडे होता, ती संस्था रेल्वेच्याच बड्या भागीदारांच्या हातांत होती, आणि एम्सनें तिचे शेअर बाजारभावाहून स्वस्तांत आपल्या सहकारी प्रतिनिधींच्या पदरांत घातले होते. १८७३ च्या फेब्रुवारींत प्रतिनिधिगृहानें त्याच्यावर निषेधाचा ठराव केला. मे महिन्यांत तो वारला. रेल्वेवाल्यांनीं पुढें वायोमिंगच्या माळावर त्याच्या व त्याच्या भावाच्या स्मरणार्थ साठ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा मनोरा उभारला. निषेध आणि मनोरा, दोन्ही त्याच्या चरित्रांत आहेत. एक सोडून दुसऱ्यावर लिहिणारा तेथें चरित्रकार म्हणवून घेऊं शकत नाहीं.

नानांनीं एम्ससारखें कांहीं केलें असें सुचविण्याचा आमचा लवमात्र हेतु नाहीं. मुद्दा हिशेबाचा आहे. एम्सला लोकांनीं निवडलें होतें, म्हणून त्याला लोकांच्या प्रतिनिधींपुढें उभें राहून जबाब द्यावा लागला. नानांना १८६१ च्या कायद्यान्वयें गव्हर्नरानें नेमलें. त्या कायदेमंडळाचें काम पुढें आलेल्या विधेयकांवर मत देण्यापुरतें. तेथें सरकारास प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, ती १८९२ च्या कायद्यानें आली. ज्या सभेंत प्रश्न विचारतां येत नाहीं तिच्या सभासदासहि प्रश्न कोण विचारणार? अशा स्थितींत तो प्रश्न विचारण्याचें काम चरित्रकाराकडे येतें. आमच्या चरित्रकारानें तें कधींच अंगावर घेतलें नाहीं. कायदेमंडळाचे 'पहिले' सभासद, एवढें लिहून त्यानें लेखणी पुसली.

प्रश्न तरी कोणते? नानांची पेढी मोठी विश्वासाची. अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धां आपला पैसा बँकेंत न ठेवतां तिच्याकडे ठेवीत, असें सांगतात. हा विश्वास कसा मिळाला, त्या पैशाचें पुढें काय होई, अफूच्या आणि कापसाच्या व्यापारावर फुगणाऱ्या त्या मुंबईंत एका मराठी सराफाचें स्थान पारशी आणि गुजराती धनिकांच्या शेजारीं नक्की कोणतें होतें, हा एका उत्तम ग्रंथाचा विषय आहे. रेल्वेचेंच घ्या. 'नानांनीं रेल्वे आणली' हें वाक्य आमच्या मुलांना पाठ असतें. मुंबईकर व्यापाऱ्यांच्या ज्या मंडळानें १८४५ च्या सुमारास रेल्वेचा विचार पुढें रेटला त्यांत नाना व सर जमशेटजी जीजीभाई अग्रभागीं होते, हें निर्विवाद. पण भांडवल मुख्यतः विलायतेंतून आलें, आणि त्या भांडवलावर पांच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीनें १८४९ च्या करारानें दिली. रेल्वेला नफा न झाला तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलांतून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यांतून, भरून निघावयाची. याच नानांच्या अध्यक्षतेखालीं १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशननें हिंदुस्थानच्या राज्यकारभारांतील दोष दाखविणारा अर्ज विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. एका हातानें रेल्वे आणि दुसऱ्या हातानें तो अर्ज! या दोन हातांमध्यें कोणतें मन होतें, हें जाणून घेण्याची ज्यास इच्छा होत नाहीं त्यानें चरित्र लिहूं नये, खुशाल शिलालेख लिहावा.

आणखी एक तारीख पाहा. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि १८६१ पासून मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार घरोघर शिरला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध थांबलें आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशीं मुंबईच्या बाजारांत दिवाळीं निघालीं. नाना वारले ३१ जुलै १८६५ रोजीं. म्हणजे ज्या शहराचे ते 'शिल्पकार' तें शहर डोळ्यांदेखत बुडत असतां त्यांनीं शेवटचे तीस दिवस काढले. कादंबरीकारानें कल्पिला तर खोटा वाटावा असा हा योग! आमच्या स्मरणलेखांत मात्र त्या महिन्याचा मागमूस नसतो. तेथें एकदम हळहळणारा जनसमूह येतो.

आमच्या या प्रदेशांत 'शेट' या शब्दास जो वास आहे तो गिरगांवांतल्या मनुष्यास कदाचित् येणार नाहीं. डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या घशांत कशा गेल्या, वेठ म्हणजे काय, लग्नाच्या कर्जापायीं पिढीजाद गडी म्हणून राबणें म्हणजे काय, हें १९४५ सालीं झरीच्या सभेपासून सगळ्या महाराष्ट्रास कळलें. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनीं तो इतिहास घडतांना पाहिला, आणि गोदावरीबाईंनीं तो लिहूनहि ठेवला. मुरबाडचे नाना आणि डहाणूचे सावकार यांना एका दोरींत बांधणें हा शुद्ध अन्याय होईल, आणि तो आम्ही करीत नाहीं. परंतु पूर्वीं एकाच ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या या दोन मुलुखांपैकीं एका मुलुखांत पैशाचा उगम विचारल्यावांचून पैशाची स्तुति करवत नाहीं, एवढें वाचकांनीं आमच्या पदरीं घालावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळूं. १८४० सालीं मुंबई सरकारनें शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठीं सात जणांचें बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलें. त्यांतील तीन एतद्देशीय सभासद बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनें निवडून दिले होते: जगन्नाथ शंकरशेट, फरामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा. १८४३ सालीं सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश बोर्डाचे अध्यक्ष झाले. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या वेळेपासून एक वहिवाट पडली होती. इंग्रजी शिकवावी, पण ज्ञान मुख्यतः मराठींतून आणि गुजराथींतून द्यावें, आणि त्यासाठीं पुस्तकें भाषांतरून घ्यावींत. पेरीसाहेबांस ही वहिवाट मोडावयाची होती.

त्यांचा पक्ष थोडक्यांत असा होता. सरकारजवळ पैसा थोडा आणि प्रजा अफाट, म्हणून सर्वांस शिकविणें अशक्य. तेव्हां वरच्या वर्गांतील थोड्यांसच इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें. त्यांच्याकडून तें हळूहळू खालीं झिरपेल. देशी भाषांत ग्रंथ नाहींत, शास्त्रीय शब्द नाहींत. शिवाय लोकांनाच इंग्रजी हवी आहे, तर ती नाकारणारे आपण कोण? वाचकांस हा युक्तिवाद परवांच कोठें तरी, बहुधा एकाद्या विवाहसमारंभांत जेवणाच्या पंगतींत, ऐकल्यासारखा वाटेल. तो १८४७ सालचा आहे.

नानांनीं याच्या विरुद्ध आपलें मत लेखी नोंदविलें. त्याचा आशय असा कीं, हेतु जर संबंध जनतेंत उपयुक्त ज्ञान पसरविण्याचा असेल, तर तें जनतेच्या स्वतःच्या भाषेंतूनच दिलें पाहिजे. दुसरा मार्ग नाहीं. ज्यांस सवड आणि साधन आहे त्यांनीं इंग्रजी अवश्य शिकावी; तिचें महत्त्व कोणी नाकारीत नाहीं. परंतु अवघ्या लोकांस परकी भाषा शिकवून मग त्या भाषेंतून ज्ञान देणें हें घडणारें नव्हे. देशी भाषांच्या शाळा सुधाराव्या, चांगलीं पुस्तकें करावींत, आणि सरकारचा पैसा तेथें लावावा. बोर्डावरील लष्करी इंजिनियर कर्नल जर्व्हिस, ज्यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणण्यांत उमेदीचीं वर्षें घातलीं होतीं, ते नानांच्या बाजूस होते; आणि दुसरे दोघे एतद्देशीय सभासदहि होते. हें दृश्य मनासमोर आणून पाहावें. एक मराठी सराफ, एक गुजराथी बोलणारा पारशी व्यापारी, एक मुसलमान गृहस्थ आणि एक इंग्रज इंजिनियर हे चौघे एका बाजूस, आणि समोर अध्यक्षाच्या खुर्चींत सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. या चौघांच्या घरची भाषा एक नव्हती. म्हणजे हें भाषेच्या अभिमानाचें भांडण नव्हतेंच; सरकारी पैसा किती लोकांपर्यंत पोहोंचावा याचें तें भांडण होतें.

मराठींत शब्द नाहींत हा आक्षेप तरी कितपत खरा होता? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालींच छापला गेला होता. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ पासून 'दर्पण' चालविला, आणि ते १८४६ सालीं, या वादाच्या एकच वर्ष आधीं, ऐन तारुण्यांत वारले. पंधरा वर्षांत इतकें घडविणाऱ्या भाषेला आणखी पंधरा वर्षें सरकारी पाठबळ मिळतें तर काय झालें असतें, हा तर्क करीत बसणें व्यर्थ असेल. परंतु ज्याच्या डोळ्यांसमोर हें सारें घडत होतें त्या माणसानें जो निष्कर्ष काढला तो भावनेच्या भरांतला नव्हता, व्यापाऱ्याचा होता. भांडवल आहे, माल तयार होत आहे, दुकान बंद कां करावें, असा तो सरळ प्रश्न होता.

यांत नानांचा लाभ कांहींच नव्हता. आपल्या मुलासाठीं घरीं इंग्रजीचा शिक्षक ठेवणें त्यांस सहज परवडण्याजोगें होतें. इंग्रजी मूठभरांची राहिली असती तर त्या मुठींत त्यांचें घर पहिलें असतें. उलट तोटा संभवत होता, कारण ज्या राजवटीच्या मर्जीवर व्यापाऱ्याचा मान अवलंबून, तिच्या एका थोर न्यायाधीशाशीं त्यांनीं कागदोपत्रीं वैर घेतलें. आमच्या मतें नानांच्या आयुष्यांतील सर्वांत धैर्याची गोष्ट हीच. नाटकगृहास जमीन देतांना खिशाला चट्टा बसतो. येथें प्रतिष्ठा पणास लागली होती.

आणि नाना हरले. वाद सरकारकडे गेला, तेथून आलेल्या उत्तरांतून दोन्ही पक्षांनीं आपापल्या सोईचा अर्थ काढला, आणि पेरीसाहेब १८५२ पर्यंत अध्यक्ष राहिले. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें देशी भाषांस खालच्या शिक्षणांत जागा दिली खरी. पण १८५७ सालीं जें मुंबई विद्यापीठ निघालें तें इंग्रजीचें. त्याच्या पहिल्या फेलोंच्या नामावळींत नानांचेंहि नांव आहे. पुढें त्या विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी इतकी हद्दपार झाली कीं, न्यायमूर्ति रानड्यांसारख्यास तिच्यासाठीं झगडावें लागलें, आणि एम्. ए. च्या परीक्षेंत तिला पाऊल टाकावयास मिळेपर्यंत विसावें शतक उजाडलें. चरित्रांत पराभव ठेवावयाचा नाहीं असा ज्यांचा नियम, त्यांना १८४७ हें साल अडचणीचें होणारच. म्हणून तें एका ओळींत उरकलें जातें: 'नाना मातृभाषेचे अभिमानी होते'. झालें! जणूं काय तो त्यांच्या पगडीसारखा एक अलंकार होता.

येथें कोणी म्हणेल कीं, तुम्ही नानांस ओढूनताणून इंग्रजीचे वैरी करीत आहां. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ज्यांनीं वाढविली ते नाना इंग्रजीचे शत्रु कसे? आमचें उत्तर असें कीं, ते शत्रु नव्हते म्हणूनच त्यांच्या मतास वजन आहे. इंग्रजी न येणाऱ्यानें इंग्रजीस नांवें ठेवणें यांत नवल नाहीं. इंग्रजी जाणणारा, इंग्रजांत वावरणारा, इंग्रजी विद्येस सढळ हातानें पैसा देणारा मनुष्य जेव्हां म्हणतो कीं हें सर्व ठीक आहे, पण याला लोकशिक्षण म्हणूं नका, तेव्हां कान टवकारले पाहिजेत. भाषा शिकणें आणि भाषेंतून शिकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्यास १८४७ सालीं समजलें होतें त्याचे भक्त आज या दोहोंची राजरोस खिचडी करतात.

नानांस मात्र आम्ही एका बाबतींत सोडणार नाहीं. 'लोक' या शब्दाचा पैस त्या बोर्डाच्या शाळांत फार मोठा नव्हता. बोर्ड संपून त्याच्या जागीं शिक्षणखातें आल्यावर १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारला गेला. तो नकार कांहीं एका रात्रींत जन्मला नव्हता. डॉक्टर आंबेडकरांनीं १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें जें निवेदन ठेवलें, त्यांत याच बोर्डाच्या अहवालांतले उतारे देऊन, वरच्या वर्गांसच शिकवावें या धोरणानें अस्पृश्यांस शिक्षणाबाहेर कसें ठेवलें, हें दाखविलें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें कीं, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि खालच्यांची प्राथमिक शाळा ओस राहते. नानांनीं पेरीसाहेबांविरुद्ध मांडलेला युक्तिवाद शेवटपर्यंत ओढीत नेला तर तो फुल्यांपाशीं आणि आंबेडकरांपाशीं येऊन पोहोंचतो. खुद्द त्या बोर्डानें तो तितका ओढला नाहीं. स्तुतिपाठकांनीं नानांस देवपण दिलें नसतें, तर त्यांच्या युक्तिवादाचा हा पुढचा प्रवास आम्हांस केव्हांच दिसला असता.

थट्टा अशी कीं, नानांच्या पश्चात् त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें तें मॅट्रिकच्या परीक्षेंतील शिष्यवृत्तीमुळें, आणि ती शिष्यवृत्ति संस्कृतांत अव्वल येणाऱ्यास. १९१२ सालीं चिंतामणराव देशमुखांना ती मिळाली. 'शंकरशेट स्कॉलर' म्हणवून घेण्यांत पिढ्यान् पिढ्या हुषार मुलांनीं धन्यता मानली. संस्कृताशीं आमचें वैर नाहीं. परंतु मराठीसाठीं आणि गुजराथीसाठीं जो भांडला त्याचें स्मारक देववाणीच्या गुणांत व्हावें, आणि या विसंगतीचें कोणास हसूंहि येऊं नये, यावरून त्या भांडणाची आठवण किती झपाट्यानें पुसली गेली हें कळतें.

आजची गोष्ट सांगावयाची तर ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि पेढे वांटले गेले. एप्रिल २०२५ मध्यें पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला, त्यावर मोठा क्षोभ उसळला, आणि जूनच्या अखेरीस तो मागें घेण्यांत आला. क्षोभ योग्य होता. पण त्या दोन-अडीच महिन्यांच्या वादांत तिसरी भाषा कोणती यावर जितका घसा कोरडा झाला, त्याच्या दशांशानें तरी मुलास गणित, भूगोल, विज्ञान कोणत्या भाषेंतून शिकवावें यावर झाला काय? तो प्रश्न काढण्याची सोय नव्हती. कारण व्यासपीठावर बसलेल्यांचीं नातवंडें पेरीसाहेबांच्या शाळेंत जातात. सभा नानांची आणि घर पेरींचें, असा हा दुहेरी संसार आहे, आणि तो सुखानें चालावा म्हणूनच नानांस 'रेल्वेचे जनक' करून टाकणें सोईचें पडतें. रेल्वे कोणाला नको आहे?

या सोईची किंमत कोण देतें हें पाहावयास सरावलीसारख्या गांवीं यावें. येथल्या पाड्यांवरचें वारली मूल घरीं वारली बोलतें. त्याला पाठ्यपुस्तकांतील मराठीच अर्धी परकी. मग इंग्रजीची गोष्ट कोणीं बोलावी? पेरीसाहेबांचा 'झिरपा' येथवर पोहोंचलाच नाहीं. जे पोहोंचले ते दुसरेच लोक होते. ज्या १९४५ सालीं झरीस वारली उठले, त्याच सालीं तेथून फार लांब नसलेल्या बोर्डीस ताराबाई मोडकांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नाहीं, कां? तर तें गुरें राखतें. मग गुरें चरतात तेथेंच शाळा न्यावी, ती कुरणशाळा. साधनें महाग, तर शंखशिंपले, बिया, पानें, बांबू हींच साधनें. मुलाची बोली ऐकून घ्यावी, तिच्यांतून त्याला पुस्तकाच्या भाषेकडे आणावें. या दोघी बायांनीं पेरी वाचला होता कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. त्यांनीं त्याला उत्तर दिलें, आणि तें नानांच्या टिपणापेक्षां अधिक खोलवर गेलें. नानांनीं 'लोक' म्हटलें, त्यांत हीं मुलें प्रथमच आलीं.

तेव्हां नानांच्या भक्तांस आमची एक सूचना आहे. नानांचें तें टिपण इंग्रजींत आहे. बोर्डाच्या अध्यक्षास कळावें म्हणून तें इंग्रजींत लिहावें लागलें. त्याचें मराठी करून चार पानांची पुस्तिका छापावी, आणि स्थानकाच्या नव्या पाटीला हार घालण्यापूर्वीं ती फलाटावर मोठ्यानें वाचावी. १० फेब्रुवारीस नानांची जयंती असते. तो दिवस चालेल. सभेच्या अध्यक्षांनीं भाषणास उभें राहण्याआधीं आपल्या घरचीं मुलें कोणत्या माध्यमाच्या शाळेंत जातात एवढें सांगून टाकावें. डहाणूची गाडी तेथें थोडा वेळ थांबते. आम्ही दारांत उभे राहून ऐकूं.